डावा हात : पक्षाघातानंतरच्या आयुष्याचा थोडा इतिहास

(संगमेश्वर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



संगमेश्वरात इतिहासावर बोलायचं म्हटलं की श्रोते आधीच तयारीत बसलेले असतात. १६८९ साल, मुकर्रबखान, कसबा, आणि मग पुढचं सगळं. ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. आज आम्ही ज्या इतिहासावर बोलणार आहोत त्यात लढाई नाही, गड नाही. तो ओटीवरच्या खाटेचा इतिहास आहे. अशी खाट आपल्यापैकी कितीतरी घरांत एकदा तरी पडलेली आहे. ज्या माणसाच्या अंगावरून वारं गेलं, त्या माणसाचं पुढं काय होतं, आणि माणसांनी आजवर त्याबद्दल काय समजून घेतलं, असा आजचा विषय आहे.

आम्ही डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा औषधाची चिठ्ठी आमच्याकडे मागू नका. पण 'माणूस म्हणजे नक्की काय' हा प्रश्न वर्गात तीसेक वर्षं विचारल्यावर तोच प्रश्न एक दिवस आमच्या घरात आला आणि खाटेवर आडवा झाला. म्हणून हे बोलणं.

साल १९९४. मे महिना, आंब्याची तोड चालू. आमचे थोरले बंधू, सगळे त्यांना दादा म्हणत, सकाळी बागेत उभे होते. हातातला झेला गळून पडला. उचलायला वाकले ते तिथंच बसले. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोंबता, आणि बोलायला गेले तर शब्द फुटेना. एक जण म्हणाला पित्त खवळलं, दुसरा म्हणाला ऊन लागलं. कुणी कोकमाचं सरबत पाजायचा प्रयत्न केला, ते ओठाच्या कोपऱ्यातून सगळं बाहेर आलं. दुपारी कुणीतरी देवाला कौल लावायची गोष्ट काढली. संध्याकाळ झाली, रात्र झाली. आम्ही पुण्याहून येऊन पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता आणि मग दादा रुग्णालयात गेले.

यात कुणी वाईट नव्हतं. सगळी प्रेमाची माणसं होती. फक्त काय घडतंय हे कुणालाच कळलं नव्हतं, आणि त्यात आम्हीही आलो. हे न कळणं किती जुनं आहे ते जरा पाहू.

शब्दापासून सुरुवात करू. आपण म्हणतो 'अंगावरून वारं गेलं', 'अर्धांगवायू झाला', नाहीतर 'लकवा मारला'. पहिल्या दोन्हींत वारा आहे. आयुर्वेदानं हा विकार वातव्याधींत घातला. चरकसंहितेत त्याला पक्षवध म्हटलं आहे आणि एका बाजूची हालचाल जाणं, वेदना, वाचा अडणं या गोष्टी तिथं एकत्र नोंदलेल्या आहेत. पक्ष म्हणजे बाजू, पक्ष म्हणजे पंखही. एक पंख निकामी झालेला पक्षी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे शब्द किती नेमका आहे ते कळेल. सुश्रुतानं पुढं जाऊन यातला कोणता प्रकार साध्य, कोणता कष्टसाध्य, कोणता असाध्य याचीही वाटणी केली. तिकडे ग्रीकांनी हेच केलं. हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या सूत्रांतही जोराचा झटका बरा होत नाही आणि सौम्य झटकाही सहज बरा होत नाही, असाच सूर आहे.

ही जुनी मंडळी निरीक्षणात कमी नव्हती. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. रोग्याकडे पाहून पहिला प्रश्न विचारला जातो तो 'साध्य की असाध्य?' म्हणजे निकाल आधी. आमचं आजचं सगळं म्हणणं या निकालाभोवती फिरणार आहे.

वारा जाऊन रक्त यायला १६५८ साल उजाडावं लागलं. स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउजेन गावचा वैद्य योहान याकोब वेप्फर यानं झटक्यानं मेलेल्या माणसांची शवं उघडून पाहिली आणि मेंदूत रक्त सांडलेलं दाखवून दिलं. मेंदूला रक्त नेणारी वाट बंद झाली तरी असंच होऊ शकेल, हेही त्यानं मांडलं. आज शाळेतला मुलगाही सांगेल की रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. मुंबईत २००५-०६ मध्ये डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी वस्तीतल्या माणसांची रीतसर पाहणी केली. तीत दर लाख माणसांमागं वर्षाला सुमारे १४५ जणांना पहिला झटका येतो असं दिसलं, आणि त्यातले साधारण ८० टक्के तुंबण्याचे होते. मेंदूकडून येणाऱ्या वाटा वाटेत एकमेकींना ओलांडतात, म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली की उजवं अंग जातं. आणि बहुतेकांची भाषा डाव्या बाजूला असते, म्हणून उजव्या हाताबरोबर पुष्कळदा शब्दही जातात. दादांचं तेच झालं.

आता पॅरिसला जाऊ, कारण शब्द जाण्याची गोष्ट तिथं उलगडली. १८६१ साली बिसेत्र नावाच्या रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यविशारदासमोर ५१ वर्षांचा एक माणूस आणला गेला. विचारा काहीही, उत्तर एकच : 'तां, तां.' सगळे त्याला तां याच नावानं ओळखत. पुढं त्याचं उजवं अंगही गेलं होतं. थोड्याच दिवसांत तो वारला. ब्रोकानं त्याचा मेंदू पाहिला. डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा होती. वाचेची जागा सापडली असं जगानं म्हटलं आणि ब्रोकाचं नाव अजरामर झालं.

पण आम्हाला त्या नोंदीतली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. ब्रोकानं त्याला विचारलं होतं, तू इथं किती वर्षं आहेस? त्या माणसानं डावा हात चारदा उघडला आणि मग एक बोट दाखवलं. चार पंचे वीस आणि एक. बरोबर एकवीस वर्षं झाली होती. म्हणजे शब्द नव्हते, पण हिशोब होता, आठवण होती. एकवीस वर्षं एक माणूस आत जागा बसला होता.

हे आम्ही वाचलं होतं बरं का. आमच्या टेबलावर ते पुस्तक होतं. आणि तरीही काय केलं ते ऐका. दादा घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या महिन्यात खर्चाचा प्रश्न आला. बागेचा एक तुकडा विकावा असं ठरत होतं. ओटीवर बैठक बसली. आम्ही, धाकटे बंधू, दोन पुतणे. दादांची खाट तिथंच, चार हातांवर. त्यांच्या डोक्यावरून आम्ही अर्धा तास बोलत होतो, घरातल्या कपाटाबद्दल बोलावं तसं. एकदम त्यांनी डाव्या हातानं उशाशी असलेला तांब्या जमिनीवर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. पुतणे म्हणाले, पाणी हवं असेल. कुणी म्हणालं, विकायला नको असेल. वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, त्यांच्याकडे पाहिलं आणि आम्हाला म्हणाल्या, "भावजी, विकायचं की नाही हे नंतर. तुम्ही त्यांना विचारलंत का?"

मंडळी, तत्त्वज्ञानातला डॉक्टर तिथं मान खाली घालून बसला. मग आम्ही एकेक प्रश्न हो-नाही असा करून विचारला. त्यांचा विकायला विरोध नव्हता. तुकडा कोणता द्यायचा यावर मात्र त्यांचं ठाम मत होतं, आणि ते आमच्यापेक्षा शहाणपणाचं निघालं. वाचा गेली म्हणजे विचार गेला, ही चूक जगानं शेकडो वर्षं केली. वाचाघात झालेल्या माणसाला वेडा, बहिरा किंवा लहान मूल समजण्याची ही चूक आजही घराघरांत होते. यावर इलाज साधा आहे. समोर बसावं, लहान वाक्यात बोलावं, हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारावं, आणि वाट पाहावी. आपल्याला वाट पाहणं जमत नाही, तोवर आपणच त्याचं वाक्य पुरं करून टाकतो.

आता आपल्या महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या उदाहरणाकडे येऊ. १८८८ साल. ११ मे रोजी मुंबईला मांडवीच्या सभेत जोतीराव फुल्यांना लोकांनी 'महात्मा' म्हटलं. वय ६१. त्यानंतर दोनच महिन्यांत, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. ज्या माणसाचं अर्धं आयुष्य लिहिण्यात गेलं, त्याचा लिहिता हात गेला. त्यांचे स्नेही आणि सत्यशोधक समाजातले सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. कोणते उपचार असणार? रक्तदाब मोजण्याचं आजचं साधन तेव्हा नव्हतं. मेंदूचं चित्र काढण्याची कल्पनाही नव्हती. साध्य की असाध्य असं विचारलं असतं, तर उत्तर काय आलं असतं ते सांगायला नको.

जोतीरावांनी लेखणी डाव्या हातात घेतली. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' हा त्यांचा शेवटचा ग्रंथ त्यांनी डाव्या हातानं लिहिला आणि १८८९ साली पुरा केला. हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो आणि पुढं जातो. जरा थांबा. उजव्या हाताच्या माणसानं डाव्या हातानं पानभर लिहून पाहावं. अक्षर पळतं, खांदा भरून येतो, आणि विचार हाताच्या फार पुढं निघून जातो. तेही एकसष्टाव्या वर्षी, अर्धं अंग उचलत नसताना. आणि पुस्तक लहानसहान नव्हे. निर्मिक, स्त्री-पुरुष समानता, जन्मापासून मरणापर्यंतचे विधी, सत्यानं वागणं म्हणजे काय, असा सगळा संसार त्यात आहे. ते प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे आणि प्रश्न विचारणाऱ्यांत त्यांचा दत्तक मुलगा यशवंत याचंही नाव आहे.

बरं, या काळात त्यांनी फक्त पुस्तकच लिहिलं का? १८८९ च्या फेब्रुवारीत त्यांनी यशवंताचं लग्न ससाणे यांच्या मुलीशी सत्यशोधक पद्धतीनं लावून दिलं. म्हणजे आजारी माणूस घरातला कर्ता राहिला. त्याला बाजूला काढलं गेलं नाही.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ही नुसती स्फूर्तिकथा होईल. आजारानं घर खचलं. पैशाची ओढाताण इतकी झाली की १८९० च्या जुलैमध्ये मामा परमानंदांनी सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहून जोतीरावांसाठी मदत मागितली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. बडोद्याची मदत आली ती त्यांच्यामागं, सावित्रीबाईंसाठी. पुस्तक छापून निघालं ते १८९१ मध्ये. म्हणजे डाव्या हातानं लिहिलेलं ते पुस्तक त्यांनी छापलेलं पाहिलं नाही.

आणि त्या अडीच वर्षांत उठवणं, बसवणं, भरवणं, अंग पुसणं हे कुणी केलं असेल? सावित्रीबाईंचं नाव आपण शाळेसाठी घेतो, अंत्ययात्रेत टिटवं धरून पुढं चालल्या म्हणून घेतो. रोजच्या या कामाची नोंद इतिहासात फार सापडत नाही. आमच्या वहिनींची तरी कुठं आहे? अकरा वर्षं त्यांनी ते केलं. पक्षाघात एकाला होतो, पण खाटेला दोघं बांधली जातात. म्हणून रोग्याला भेटायला जाल तेव्हा 'कसे आहेत?' हा प्रश्न त्याच्या बायकोलाही तिच्याबद्दल विचारा. शक्य असेल तर 'वहिनी, आज दोन तास मी बसतो, तुम्ही जाऊन या' असं म्हणा. इतकं मोठं दान दुसरं नाही.

जोतीरावांच्या वीस वर्षं आधी पॅरिसमध्ये असंच घडलं होतं. ऑक्टोबर १८६८ मध्ये लुई पाश्चर यांना झटका आला आणि डावी बाजू गेली. वय अवघं ४५. काही दिवसांतच त्यांनी खाटेवरून टिपण सांगून लिहून घ्यायला सुरुवात केली. पाय कायमचा ओढता राहिला, डावा हात अधू राहिला. पण कुत्रं चावलेल्या मुलाला १८८५ मध्ये पिसाळरोगाची पहिली लस दिली गेली, ती या झटक्यानंतर सतरा वर्षांनी. त्यांच्या खाटेपाशी कुणी 'असाध्य' असा शिक्का मारून दिवा मालवला असता, तर काय झालं असतं?

आता तुम्ही म्हणाल, ही मोठी माणसं. सामान्यांचं काय? म्हणून शास्त्राकडे वळू. सांतियागो रामोन ई काहाल हा स्पेनचा शास्त्रज्ञ. मेंदूच्या पेशींची चित्रं त्यानं जशी काढली तशी कुणी काढली नाहीत, १९०६ चं नोबेल त्याला मिळालं. त्यानं पुढं लिहिलं की मोठ्या माणसाच्या मेंदूतल्या वाटा ठरून गेलेल्या असतात, तिथं नवं काही उगवत नाही. पण हा कठोर निवाडा बदलणं भविष्यातल्या शास्त्राच्या हाती असेल, असंही त्यानं तिथंच म्हटलं होतं. गंमत अशी की त्याचं पहिलं वाक्य सगळ्यांनी पाठ केलं आणि दुसरं विसरले. पुढची कित्येक वर्षं रोग्याला सांगितलं जायचं, 'सहा महिन्यांत जे आलं ते आलं, नंतर काही नाही.' आमच्या दादांनाही एका डॉक्टरांनी हेच सांगितलं, आणि आम्ही ते ब्रह्मवाक्य मानून व्यायाम बंद केला. आज त्याचं वाईट वाटतं.

कारण उलटा पुरावा तेव्हाही होता. १९१७ साली ऑग्डेन आणि फ्रान्झ या दोघांनी अमेरिकेत माकडांवर प्रयोग करून दाखवलं होतं की माकडाचा चांगला हात अडकवून ठेवला आणि लुळा हात वापरायला भाग पाडलं, तर त्यात पुष्कळ बळ परत येतं. ते काम अडगळीत पडलं. पुढं एडवर्ड टॉब यानं तोच धागा उचलला. त्याचं म्हणणं असं की झटक्यानंतर माणूस लुळा हात हलवून पाहतो, फसतो, पुन्हा फसतो, आणि मग तो हात न वापरायला शिकतो. मेंदूत थोडी ताकद परतली तरी ही शिकलेली सवय जात नाही. म्हणून चांगल्या हातावर मोजा चढवायचा आणि कामं दुसऱ्या हाताकडून तासन्‌तास करून घ्यायची. २००६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत २२२ रोग्यांवर हे तपासलं गेलं. त्यांना झटका येऊन तीन ते नऊ महिने झाले होते. या उपचारानं हात खरोखर सुधारला आणि तो फरक पुढंही टिकला.

इथं सावध करतो. हे रोगी असे होते की ज्यांच्या मनगटात, बोटांत थोडी तरी हालचाल उरली होती. सगळ्यांनाच हे लागू नाही, आणि घरी दोरीनं हात बांधून हे करायचं नाही. जाणत्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करायचं. सुरुवातीचे तीन महिने सर्वांत मोलाचे हेही खरंच आहे. पण त्यानंतर दार बंद होतं हे खरं नाही. वेग कमी होतो, दार किलकिलं राहतं.

हे दार उघडं ठेवायचं काम आपल्याकडे ज्यांनी आणलं त्यांत एक नाव आपण विसरलो आहोत : कमलाबाई निंबकर. जन्मानं अमेरिकन, मूळ नाव एलिझाबेथ लंडी. विष्णु निंबकरांशी लग्न करून त्या इकडच्या झाल्या. पुढं अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकून आल्या आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिचं देशातलं पहिलं शिक्षण त्यांनी सुरू केलं. या शास्त्राचा गाभा तुम्हाला लगेच पटेल. नुसता हात वरखाली करून घ्यायचा नाही, त्या हाताला काम द्यायचं. शर्टाचं बटण, भाकरीचं पीठ, विळीवरची भाजी, कुलपाची किल्ली. ज्या कामात माणसाचा जीव आहे त्या कामातून हात परत आणायचा. १९५५ मध्ये मुंबईलाच हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था उभी राहिली. म्हणजे ही वाट इथं सत्तर वर्षं तयार आहे. आपल्या वाडीपर्यंत ती पोचली का, हा प्रश्न आहे.

मेंदूच्या दुसऱ्या विकारांतही हीच गोष्ट दिसते. जेम्स पार्किन्सननं १८१७ मध्ये ज्या कंपाचं वर्णन केलं तो आपल्याकडचा कंपवात. आपल्या रानात, कुंपणावर खाजकुइली वाढते ना? तिच्या बियांत लेवोडोपा असतं, तेच पुढं या विकारावरचं मुख्य औषध झालं. लगेच बिया गोळा करू नका, मात्रा चुकली तर घात होतो. सांगायचं ते वेगळंच. औषधानं कंप आवरतो, एकटेपण आवरत नाही. पु. ल. देशपांड्यांना हा विकार होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथं रोगी आणि घरची माणसं एकत्र येतात, व्यायाम करतात, गातात, सहलीला जातात. हात कापतो म्हणून चारचौघांत चहा न घेणारा माणूस तिथं निर्धास्त कप उचलतो, कारण शेजारच्याचाही कप हलत असतो.

आता आपल्या गावाचं बोलू. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी, डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी, ८६ खेड्यांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. खेड्यात सर्वांत जास्त माणसं कशानं गेली? मलेरिया नव्हे, साप नव्हे. पक्षाघातानं. दर सात मृत्यूंमागं एक. आणि त्यातले ८७ टक्के मृत्यू घरीच झाले. हा शहरी, श्रीमंती आजार आहे ही आपली समजूत तिथं मोडली.

दादांच्या वेळी, १९९४ मध्ये, गुठळी विरघळवणारं औषध या आजारासाठी सिद्ध झालेलं नव्हतं. ते १९९५ च्या चाचणीत सिद्ध झालं, तेही तीन तासांच्या आत दिलं तर. २००८ मध्ये ती मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ पासून मोठी गुठळी तारेनं बाहेर काढण्याचा उपायही पक्का झाला. पण आधी सीटी स्कॅन लागतो, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून ओळखता येत नाही, आणि रक्तस्राव असताना ते औषध दिलं तर जीव जाईल. मोठी रक्तवाहिनी तुंबली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात असा हिशोब आहे. आमच्या घरी सकाळपासून दुसऱ्या दिवसापर्यंतची मिनिटं किती झाली, ते आम्ही एकदा मोजलं. पुन्हा मोजलं नाही.

म्हणून हे पाठ करा. हसायला सांगा, तोंड वाकडं होतं का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतो का? एक वाक्य बोलायला सांगा, जीभ अडखळते का? यातलं एक जरी दिसलं तर घड्याळ बघा, कधी सुरू झालं ते लक्षात ठेवा, आणि १०८ ला फोन करा. ही गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. जिथं सीटी स्कॅन आहे तिथंच चला म्हणा. वाटेत पाणी नाही, सरबत नाही, गोळी नाही, कारण गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं. लक्षणं दहा मिनिटांत आपोआप गेली तरी जा, ती पुढच्या झटक्याची सूचना असू शकते. कौल लावायचा तर लावा, देवाला आमचा विरोध नाही, पण गाडी सुटल्यावर लावा.

आणि झटका येऊच नये म्हणून? सर्वांत मोठं कारण वाढलेला रक्तदाब. तो दुखत नाही, म्हणून कळत नाही. पेजेबरोबर सुकी मासळी, लोणचं, पापड, सांडगी मिरची हे आपलं सुख आहे, पण त्यात मीठ किती जातं ते बघा. तंबाखूची पुडी बघा. आणि रक्तदाबाची गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद करू नका. दादांनी तीच बंद केली होती.

शेवटी दादांचं सांगून थांबतो. झटक्यानंतर सव्वा वर्षानं गणपती आले. तोवर दादांच्या तोंडून दोन-तीन तुटके शब्द सोडले तर काही येत नव्हतं. पहिल्या दिवशी आरती सुरू झाली, झांजा वाजायला लागल्या, आणि खुर्चीतून आवाज आला. दादा म्हणत होते. शब्द स्पष्ट, चाल बरोबर. आमच्या हातातलं तबक हललं. वहिनी रडल्या. आम्हाला वाटलं चमत्कार झाला. आरती संपल्यावर त्यांना नाव विचारलं, तर पुन्हा तेच, शब्द नाही. नंतर कळलं की हे वैद्यकाला ठाऊक आहे. बोलता न येणारी काही माणसं पाठ झालेलं गाणं म्हणू शकतात. गाण्यातून बोलण्याकडे नेणारी एक उपचारपद्धती १९७० च्या दशकात बोस्टनला बसवली गेली आहे.

चमत्कार नव्हता, पण आम्हाला एवढं समजलं की आम्ही दार लवकर बंद केलं होतं. पुन्हा व्यायाम सुरू केले. वाचाउपचार शिकलेली एक मुलगी मिळाली, ती महिन्यातून दोनदा यायची. दादा काठीनं परसात जायला लागले. डाव्या हातानं सही शिकले, त्यासाठी एक अख्खी वही भरली. शब्द शंभरेक झाले असतील. उजवा हात शेवटपर्यंत तसाच राहिला.

भेटायला येणारे अकरा वर्षं एकच विचारत, 'पूर्वीसारखे झाले का हो?' आम्हीही आधी तेच विचारत होतो. जोतीराव पूर्वीसारखे झाले नाहीत, पाश्चर झाले नाहीत, दादा तर नाहीतच. पण 'पूर्वीसारखा नाही' आणि 'संपला' या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि साध्य-असाध्यच्या घाईत आपण त्या एक करून टाकतो. विचारायचं तर असं विचारावं : आता काय येतं? उद्या काय शिकायचं? आणि हे दुसऱ्या कुणाला विचारू नये, खाटेपाशी बसून त्यालाच विचारावं. उत्तराला वेळ लागेल. थांबावं.

आज घरी गेल्यावर कुणाच्या ओटीवर असा माणूस असेल, तर त्याच्याजवळ दहा मिनिटं बसा, एवढंच मागणं आहे.